जुन्या पानातलं वाक्य

एक्केचाळिसाव्या ओळीतलं पान उघडलं आणि मला माझा स्वेटर दिसला. तपकिरी, डाव्या कोपरावर करड्या लोकरीनं रफू केलेला. दुकानात तपकिरी लोकर मिळाली नाही म्हणून बायकोनं करडी वापरली होती, आणि हा घालून आता चारचौघांत जायचं कसं म्हणून मी दोन दिवस कुरकुरलो होतो. फोटोत कोपर तेवढं होतं, खाली टेबलाचं लाकूड आणि लाकडावर गरम भांड्याचा पांढरा गोल डाग. तो डागही माझाच, म्हणजे मी ठेवलेल्या भांड्याचा. सकाळी साडेअकरा वाजता, ऑफिसातल्या पडद्यावर, लोकरीच्या कपड्यांबद्दल लिहिणाऱ्या एक्याऐंशी अनोळखी साइटींच्या यादीत माझ्या घरचं टेबल होतं. पानाच्या माथ्यावर नाव होतं ‘नेढं’. सुईला असतं ते. लिहिणारीचं नाव कुठेच नव्हतं. मी पहिल्यांदा काय केलं असेल तर पडदा जरा माझ्याकडे वळवून घेतला, शेजारच्या टेबलावरून दिसू नये म्हणून.

माझं काम सांगितलं की लोक पुन्हा एकदा विचारतात, म्हणजे नक्की काय करता. मी लिंका विकत घेतो. सर्च इंजिनमध्ये एखादी कंपनी वर यायची असेल तर बाकीच्या साइटींनी तिच्याकडे बोट दाखवावं लागतं. आपणहून कोण कशाला दाखवतंय, म्हणून आम्ही दाखवायला लावतो. कोणाच्या तरी जुन्या लेखातले दोन-तीन शब्द निळे करून घ्यायचे, की त्यांच्यावर बोट टेकवणारा थेट आमच्या ग्राहकाच्या दारात. पण शब्द कुठलेही चालत नाहीत, संबंध लागतो. सर्च इंजिनएवढा संशयी प्राणी मी दुसरा पाहिलेला नाही. गुरांच्या औषधाच्या पानावर दागिन्यांची लिंक दिसली की त्याच्या मनात पाल चुकचुकते, आणि वर जायचा ग्राहक आणखी खाली जातो. म्हणून आम्ही पानं वाचतो, शब्दन् शब्द वाचतो, आणि लिंक बसेल असं एखादं वाक्य लिहून देतो, की ते मूळ लिहिणाऱ्याचंच वाटावं. साइटवाल्यांना ई-मेलनं जाणारी ही पत्रं आमच्या नावानं जात नाहीत. ती सगळी एका बाईच्या नावानं जातात, कारण बाईच्या पत्राला लोक उत्तर देतात असा मालकांचा अनुभव आहे. ती बाई जगात कुठेच नाही. तिला आम्ही आपसांत वहिनी म्हणतो. ऑफिसातले आम्ही सातही जण वहिनी आहोत, पत्रांची पेटी ज्याची त्याची, सही एकच. नऊ वर्षं हे करून माझा डोळा इतका तयार झालाय की विकतचं वाक्य मला लांबूनच कळतं. ते परिच्छेदात अंग चोरून बसलेलं असतं. उचलून बाजूला ठेवलं तरी आधीच्या आणि नंतरच्या वाक्याचं काही अडत नाही.

लेख स्वेटरच्या कोपराबद्दल होता. कापड आधी उलटं करा, तिनं लिहिलं होतं, भोक जिथे दिसतं तिथे ते सुरू झालेलं नसतं, आतून पाहिलं की कळतं धागा पहिल्यांदा कुठे झिजला. मग लोकर किती पदरी घ्यायची, पहिला टाका भोकापासून किती लांब घालायचा, दोरा ओढायचा किती आणि सोडायचा किती. सगळं नीट, समजुतीचं. मला माहीत नव्हतं हिला असं लिहिता येतं. आणि मधेच, काही कारण नसताना, एक वाक्य होतं. ‘माझा नवरा मला काही विचारत नाही, शोधून काढतो.’ त्याच्यापुढे लगेच पुन्हा लोकर. मी ते वाचलं आणि माझे कान तापले. मग पहिल्यापासून वाचलं, की मधला काही संदर्भ सुटला असेल. सुटला नव्हता. लेखाखालची तारीख चौदा महिन्यांपूर्वीची होती. म्हणजे चौदा महिने हे वाक्य जगापुढे उघडं होतं, कोणीही यावं आणि वाचून जावं, आणि मी रोज तिच्यासमोर बसून जेवत होतो. एकोणीस वर्षांच्या संसारात तिनं हे मला एकदाही तोंडावर सांगितलेलं नाही. मग कोणाला सांगत होती? माणूस कोणालाही उद्देशून न बोलता असं वाक्य लिहीत नाही. कुठेतरी पाणी मुरत होतं. मी यादीतल्या एक्केचाळिसाव्या ओळीपुढे ‘उपयोगाचं नाही’ असं लिहिलं, आणि थोड्या वेळानं ते खोडलं.

संध्याकाळी घरी गेलो तेव्हा ती त्याच टेबलापाशी बसली होती. सकाळी ती शाळेच्या ग्रंथालयात अर्धा दिवस काम करते, दुपारनंतर घरी असते. मुलगी शिकायला दुसऱ्या गावी गेल्यापासून घरात दुपारभर तिचंच राज्य. तिच्या हातात मुलीचा जुना मोजा होता आणि मोज्याच्या आत लाकडी चमचा घालून ती टाच ताणून धरत होती. चहा ठेवू का, म्हणाली. मी हो म्हटलं. फोन तिच्यापासून हातभर लांब उपडा पडला होता. उपडाच का, असं माझ्या मनात आलं, आणि मी स्वतःचा फोन खिशातून काढून सुलटा ठेवला, का ते मला सांगता येणार नाही. ती उठून आत गेल्यावर मी टेबलावरच्या डागाकडे बघत राहिलो. फोटोत तो खिडकीच्या उजेडात होता, म्हणजे फोटो दुपारी काढलेला, दोन ते तीनच्या मधला. असं मी मोजत होतो. मोजता मोजता माझ्या लक्षात आलं की मी शोधून काढतोय, आणि तिच्या वाक्यानं मला आधीच पकडून ठेवलंय, आणि मग मला तिचा मनापासून राग आला. एवढं साधं होतं. ‘तू लिहितेस का गं काही?’ असं विचारायचं, बस. चहा आला, गार झाला, मी विचारलं नाही. विचारलं असतं तर ती तयारीनं उत्तर देणार. न विचारता जे कळतं ते खरं, असा माझा हिशोब होता, आणि अजूनही तो मला पूर्ण चुकीचा वाटत नाही.

कारण शोधून काढणं हे मी कधी वाईट मानलंच नाही. मला ते काळजी घेणं वाटायचं. तीन वर्षांपूर्वी तिच्या कपाटात, हातरुमालांच्या खाली, मला तपासणीच्या प्रयोगशाळेची चिठ्ठी सापडली होती. हातरुमाल शोधायला गेलो होतो, हे अगदी खरं. चिठ्ठीवर तिचं नाव, तारीख आणि एक आकडा. छातीतल्या गाठीचा तुकडा तपासायला दिलेला होता. ती एकटीच जाऊन आली होती. मला सांगितलं नव्हतं. मी कपाटाच्या दाराला धरून उभा राहिलो, चिठ्ठी होती तशी ठेवली, आणि घडीची दिशासुद्धा नीट लक्षात ठेवून तशीच घातली. मग सहा दिवस मी त्या प्रयोगशाळेच्या साइटीवर तो आकडा घालून बघत होतो. सकाळी, जेवणाच्या सुट्टीत, निघताना. तिला त्रास नको म्हणून विचारलं नाही. सहाव्या दिवशी दुपारी अहवाल आला आणि तो तिच्याआधी मी वाचला. काही नव्हतं, साधी गाठ होती. ऑफिसच्या जिन्यात जाऊन मी रडलो आणि तोंड धुऊन परत जागेवर बसलो. घरी जाताना आइस्क्रीम घेऊन गेलो. कशाबद्दल, तिनं विचारलं. असंच, मी म्हणालो. तिनं दोन चमचे खाल्ले, माझ्याकडे बराच वेळ पाहिलं, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं, सुटल्यासारखं झालं असेल बिचारीला. मी बाकीचं आइस्क्रीम संपवलं.

दुसऱ्या दिवसापासून मी ‘नेढं’ सगळं वाचून काढलं. त्रेसष्ट लेख, साडेतीन वर्षांचे. म्हणजे त्या गाठीच्याही आधीपासूनचे, पण गाठीबद्दल अक्षर नव्हतं. बटणं, काजं, परकराची नाडी, फाटलेल्या खिशाचं अस्तर. माझ्याबद्दल ते एकच वाक्य. एकच असल्यामुळे ते जास्त टोचत होतं, चार असती तर कुरकुर म्हणून सोडून देता आली असती. लेखांखाली मोजके अभिप्राय होते, आणि जवळजवळ प्रत्येक लेखाखाली एकाच माणसाचा. नाव ‘शिंपी’. ‘टाका सुरेख, पण दोरा दुपदरी नको होता.’ ‘तुमचा हात हलका आहे, फोटोतही कळतं.’ हात हलका आहे. माझ्या बायकोच्या हाताबद्दल परका माणूस असं लिहीत होता आणि ती खाली लिहीत होती, ‘आभारी आहे, पुढच्या वेळी एकपदरी घेऊन बघते.’ आमच्या धंद्यात असं गोड बोलणारा वाचक दिसला की आम्ही समजतो, हा काहीतरी विकायला आलाय. मी दोन दिवस कामधाम सोडून त्या शिंप्याच्या मागे लागलो. कुठे कुठे त्यानं काय लिहिलंय, कोणत्या वेळी लिहितो, कोणत्या लकबी. तिसऱ्या दिवशी सापडला. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा, खरोखरचा शिंपी, नातवंडांनी काढून दिलेल्या पानावर त्याचा फोटो होता, कानात यंत्र, मांडीवर पायजमा. मी सुटकेचा श्वास टाकायला हवा होता. पण माझी निराशा झाली, आणि आपली निराशा झाली हे कळल्यावर मला स्वतःची किळस आली. तरीही रात्री जेवताना ती शिंप्याबद्दल काही बोलते का ते मी बघत होतो. ती मुलीच्या परीक्षेबद्दल बोलत होती.

पाचव्या दिवशी मी तिला पत्र लिहिलं. म्हणजे वहिनीनं लिहिलं. यादी ज्या ग्राहकासाठी होती तो लोकरीचे कपडे धुण्याचा पातळ साबण बनवणारा, तेव्हा निमित्त तयारच होतं. मी लिहिलं की तुमचा कोपराचा लेख आम्हाला फार आवडला, रफू केल्यावर स्वेटर आमच्या साबणानं कसा धुवावा हे सांगणारं एक वाक्य त्यात शोभेल, वाक्य आम्ही देऊ, योग्य तो मोबदलाही देऊ. हे आम्ही रोज दहा जणांना लिहितो. पण मी त्यात आणखी एक ओळ घातली. ‘एक सुचवावंसं वाटतं. लेखात तुमच्या यजमानांबद्दलचं जे वाक्य आहे ते विषयाला सोडून आहे. ते काढून तिथे आमचं घेतल्यास लेख अधिक एकसंध होईल.’ धंद्याच्या दृष्टीनं सल्ला रास्त होता. ते वाक्य उचललं तर परिच्छेदाचं खरंच काही अडत नव्हतं. हे माझ्या डोळ्याला पहिल्या दिवशीच दिसलं होतं, पण त्यात लिंक नव्हती, एकही शब्द निळा नव्हता, म्हणून मी पुढचा विचार केला नाही. पत्र पाठवलं आणि घरी जाऊन तिच्याकडे डोळ्यांत तेल घालून बघत बसलो. पत्र आलं की माणसाच्या चेहऱ्यावर काहीतरी होतंच. तिनं फोन पाहिला, चष्मा कपाळावर ढकलला, पुन्हा पाहिला, आणि भाजी परतायला उठली. हसली का? हसल्यासारखं मला वाटलं. माझ्या खोट्या बाईला ती हसली होती, आणि मी समोर खरा बसलो होतो.

उत्तर येईना. सहा दिवस गेले. या सहा दिवसांत मी घरात कसा वावरलो ते आठवलं की मान खाली जाते. ती न्हाणीघरात गेली की मी फोनकडे बघायचो आणि हात लावायचो नाही, आणि हात लावला नाही याचं स्वतःला श्रेय द्यायचो. नवव्या दिवशी न्हाणीघरात एक नवी बाटली दिसली. आमच्या ग्राहकाचा साबण, निळं झाकण, लेबलावर मेंढी. बादलीत माझा तपकिरी स्वेटर भिजत घातलेला. मी बाटली हातात घेऊन उभा होतो तेवढ्यात ती दारात आली. ‘नवीन आणलाय,’ ती म्हणाली, ‘बघते कसा आहे ते.’ आणि ती थांबली. गेली नाही, दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली, माझ्या हातातल्या बाटलीकडे बघत. आता मला वाटतं, ती वाट बघत होती. हा साबण कुठून सुचला तुला, एवढं विचारायला जीभ उचलावी लागत होती. मी ‘हं’ म्हणालो, बाटली जागेवर ठेवली, लेबल भिंतीकडे करून.

बाराव्या दिवशी सकाळी वहिनीच्या पेटीत तिचं उत्तर पडलं होतं. ‘साबण वापरून पाहिला, लोकर मऊ राहते, तेव्हा तुमचं वाक्य टाकायला हरकत नाही, शेवटच्या परिच्छेदात टाकते. नवऱ्याबद्दलचं वाक्य मात्र काढणार नाही. मागच्या वेळीच तुम्हाला लिहिलं होतं की ते माझं आहे, ते विकायचं नाही.’ मागच्या वेळी? मी तर पहिल्यांदाच लिहीत होतो. मग माझ्या डोक्यात उजेड पडला, की वहिनी मी एकटा नाही. जुन्या पानांच्या प्रती साठवून ठेवणारी एक जागा असते, कोणतं पान कोणत्या महिन्यात कसं दिसत होतं ते तिथे बघता येतं. हे मी पहिल्या दिवशी करायला हवं होतं, नवशिकासुद्धा करतो. मी सहा महिन्यांपूर्वीची प्रत उघडली. तोच लेख, तोच स्वेटर, तेच वाक्य, आणि त्याला लागून दुसरं, ‘अशा वेळी कौटुंबिक सल्ला घ्यावा म्हणतात.’ आणि ‘कौटुंबिक सल्ला’ हे दोन शब्द निळे. बोट टेकवलं तर एका समुपदेशन केंद्राचं पान उघडत होतं, आणि ते केंद्र आमच्याच ऑफिसचं ग्राहक होतं. मुदत एक वर्षाची असते. मुदत संपली, निळं वाक्य गेलं, आणि आधीचं तेवढं मागे राहिलं.

मी खुर्चीत मागे रेललो आणि खरं सांगतो, मला नाचावंसं वाटलं. विकतचं होतं ते. आमच्यापैकी कोणीतरी केंद्रासाठी बेतून दिलेलं, लोकांच्या संसारात बसेल असं एक ठोकळेबाज वाक्य, आणि माझ्या बायकोनं थोड्या मोबदल्यासाठी ते चिकटवलं होतं. नवरा म्हणजे मी नव्हतोच. तो नवरा वहिनीसारखाच कुठेच नसलेला माणूस होता. बारा दिवस मी एका जाहिरातीवर जळत होतो. मला तिचं एकदम फार कौतुक वाटलं, बिचारी साबण विकत आणून धुऊन बघते आणि मग लिहिते. संध्याकाळी हे सगळं तिला सांगायचं, दोघांनी पोट धरून हसायचं, असं मी ठरवूनसुद्धा टाकलं. ‘विकायचं नाही’ या दोन शब्दांकडे त्या तासाभरात मी लक्ष दिलं नाही. दिलं असेल, पण थांबलो नाही.

समुपदेशन केंद्राचं काम मास्तरकडे होतं. मास्तर पूर्वी शाळेत शिकवायचा, म्हणून मास्तर, आणि अजूनही दुसऱ्याचं वाक्य वाचताना पेन्सिल हातात धरतो. मी सहज विचारल्यासारखं केलं, की ‘नेढं’ नावाच्या साइटीवर तू वाक्य दिलं होतंस का. तो लगेच खुलला. ‘अरे, ती रफूवाली बाई. विसरलास? मी तिचं पत्र वाचून दाखवलं होतं चहाच्या वेळी. तू तर सगळ्यांत जास्त हसला होतास. म्हणाला होतास, त्या नवऱ्याला कळेल तेव्हा बघ काय तोंड होतं त्याचं.’ मला काही आठवत नव्हतं. चहाच्या वेळी आम्ही रोजच कोणाचं तरी पत्र वाचून हसतो. मी त्याला ते पत्र दाखव म्हणालो. त्यानं पेटीतून शोधून काढलं आणि खुर्ची सरकवून मला जागा दिली. वर त्यानं पाठवलेलं वाक्य होतं, ‘संसाराचंही कापडासारखंच असतं, कुठे झिजतंय ते कळत नसेल तर कौटुंबिक सल्ला घेतलेला बरा.’ ठोकळेबाज, मी म्हटलं तसंच. खाली तिचं उत्तर.

‘तुमचं वाक्य चांगलं आहे, पण ते माझं नाही. या पानावर मी न झालेलं काही लिहीत नाही. टाकायचं तर असं टाकते: माझा नवरा मला काही विचारत नाही, शोधून काढतो. अशा वेळी कौटुंबिक सल्ला घ्यावा म्हणतात. तुमचे दोन शब्द त्यात आले, तुमचं काम होईल. मुदत संपली की दुसरं वाक्य काढीन, पहिलं राहील, ते विकायचं नाही. तो तुमच्यासारखंच काम करतो, दिवसभर लोकांची जुनी पानं वाचतो. तोंडानं काही सांगायला गेलं की म्हणतो, माहीत आहे मला. म्हणून हे इथे ठेवते. कधीतरी कामाच्या ओघात त्याला सापडेल, मग घरी येऊन विचारेल.’

मास्तर माझ्या खांद्यावरून वाचत होता. गरीब बाई आहे पण, तो म्हणाला. मी हो म्हणालो. मला बरं वाटत नाही असं मालकांना सांगून मी दुपारीच निघालो. रस्त्यात मला सारखं वाटत होतं की मागून कोणीतरी माझ्याकडे बघतंय, आणि दोनदा मी वळूनसुद्धा पाहिलं. कोणी नव्हतं. आयुष्यभर मी दुसऱ्यांची पानं चोरून वाचली आणि एका माणसानं माझ्यासाठी एक पान उघडं ठेवलं, तर मी त्याला सापळा समजलो. मला तिची इतकी आठवण येत होती, जणू ती घरी नाहीच, कुठेतरी लांब राहते. मी जवळजवळ धावत जिना चढलो. वाटलं, अजूनही काही बिघडलेलं नाही, मला सापडलंय, मी विचारायला चाललोय, तिला हेच हवं होतं.

ती टेबलापाशी होती, समोर वाळलेला स्वेटर. आज लवकर, ती म्हणाली. मी बूटही काढले नाहीत.

‘तुझं पान वाचलं मी,’ मी म्हणालो. ‘कोपराचं. माझ्याबद्दल आहे ते.’

तिचा चेहरा असा काही उघडला की इतक्या वर्षांत मी तो तसा पाहिल्याचं मला आठवेना. ती अर्धवट उठलीच. ‘आज?’ तिनं विचारलं. ‘आत्ता वाचून तसाच आलास?’

हो म्हणायला काही लागत नव्हतं. नऊ वर्षं मी याहून मोठं खोटं रोज दहा जणांना लिहितोय, आणि तिनंही ते मानलं असतं, आनंदानं मानलं असतं. पण तिच्या त्या तोंडाकडे बघून मला ते जमलं नाही.

‘बारा दिवस झाले,’ मी म्हणालो.

ती परत खाली बसली. मनातल्या मनात ती मागे जात असावी, एकेक दिवस, मी ते बघत होतो. मग म्हणाली, ‘ती साबणवाली बाई?’

‘मीच.’

‘ते वाक्य काढून टाका म्हणणारी?’

मी मान हलवली. ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती शांतपणे म्हणाली, ‘चौदा महिने तुला सापडलं नाही, त्याचं मला काही वाटलं नाही. एवढी पानं जगात, सापडायचं तेव्हा सापडेल, म्हणायचे. सापडल्यावर काय होईल ते मला माहीत आहे असं वाटायचं.’ तिनं फोन घेतला, चष्मा डोळ्यांवर ओढला, आणि बोटानं काहीतरी शोधत गेली. मला कळलं ती काय करतेय. तिचा हात धरावा असं मला वाटलं, पण माझ्यात आणि तिच्यात टेबल होतं आणि मी ते ओलांडलं नाही. तिचं बोट थांबलं, टेकलं, उचललं गेलं. फोन तिनं माझ्याकडे फिरवून ठेवला. लोकर किती पदरी घ्यायची आणि पहिला टाका कुठे घालायचा, एवढंच तिथे होतं.

‘का काढलंस?’ मी विचारलं.

तिनं चष्मा काढून टेबलावर ठेवला.

‘म्हणजे विचारता येतं तुला,’ ती म्हणाली, आणि स्वेटर उचलून आत गेली.